आत माणूस आहे

जर्मन लोकांकडं व्हिडिओ गेमच्या प्रकारांना सहाशे बारा शब्द आहेत आणि आमच्या कंपनीकडं इंग्रजीत एक्केचाळीस. सहाशे बारा माणसं एक्केचाळीस खुर्च्यांवर बसवायची, हे माझं काम. उरलेल्यांचं काय असं विचारलं तर वरचे लोक सांगायचे, बसव कोणाच्या तरी मांडीवर.

मी संघमित्रा ओव्हाळ. राहायला मोशीला, कामाला बाणेरला. जर्मन मी कुठल्या वर्गात बसून शिकले नाही. माझे वडील, आमचे अण्णा, चाकणला एका जर्मन कारखान्यात फिटर होते. तिथले क्रॅमरसाहेब मायदेशी परतताना आपल्या मुलांच्या जुन्या गेमच्या सीडींचा खोका अण्णांच्या हातात ठेवून गेले. त्या गेममध्ये भाषा बदलायची सोय नव्हती. मी अकरा वर्षांची. पीठ कुठं गेलं, लाकूड का येत नाही, पाव का भाजला जात नाही, हे कळायला शब्दकोश घेऊन बसले आणि बसलेच. म्हणून माझं जर्मन असं आहे, की त्यात मला प्रेमपत्र लिहिता येणार नाही, पण गिरणी बंद का पडली ते मी कोणालाही समजावून सांगेन.

त्यांचा एक प्रकार आहे, विमेलबिल्ड. म्हणजे माणसांनी खच्चून भरलेलं चित्र. बाजार, बंदर, जत्रा. त्यात नुसते डोळे घेऊन हिंडायचं. आमच्या यादीत त्याला जागा होती ‘हिडन ऑब्जेक्ट’मध्ये, लपवलेली वस्तू. जर्मन माणसाला गर्दी दिसली, इंग्रजीवाल्याला फक्त हरवलेली छत्री. मी निमूटपणे खुर्ची दाखवली. आठवड्यानं एक चित्र उघडून पाहिलं, तर बाजारातली सगळी माणसं पाठमोरी झाली होती. छत्री शोधायला चेहरे लागत नाहीत, असं यंत्रानं ठरवलं होतं.

नुसतं दुकानाच्या फळीवरचं लेबल असतं तर मी गप्प बसले असते. पण आता गेम पडद्यावर कोण खेळतं? टोपीत खेळतात.

टोपी कशी चालते ते सांगते, कारण जाहिरातीत सांगतात ते निम्मं खोटं आहे. झोपेच्या एका टप्प्यात पापण्यांखाली डोळे हलत असतात आणि मेंदू आपलं आपण जग रचत असतो. टोपी त्यात चित्रं घालत नाही. तेवढी ताकद तिच्यात नाही. ती कवटीवर विजेच्या अगदी मंद झुळका सोडते, कानात कुजबुजीहून हलके आवाज सोडते, मेंदूच्या लाटा वाचते आणि पुढची झुळूक ठरवते. इथं पाणी असावं. इथं घाई वाटावी. इथं कोणी ओळखीचं भेटावं. बाकी नदीचा रंग, काठावरचं झाड, पलीकडं उभा असलेला माणूस, हे सगळं झोपणाऱ्याच्या घरचं.

आणि काय सुचवायचं ते टोपीला कळतं लेबलावरून. प्रत्येक लेबलामागे त्या नावाखाली आजवर खेळलेल्या लाखो गेमची सवय साठलेली असते. ‘रेसिंग’ म्हटलं की यंत्राला घाई आठवते. ‘हॉरर’ म्हटलं की अर्धवट उघडं दार. शब्द म्हणजे बी. बी बदललं की झोपेत उगवणारं बदलतं.

आमच्या शेजारच्या नंदामावशी म्हणायच्या, कंपनीनं साऱ्या जगाला टोपी घातली. घातलीच. पण ती अण्णांच्या डोक्यावरही होती, त्यामुळं मला मोठ्यानं हसता येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की स्वप्नात हात हलवला तरी मेंदूतली तीच वाट उजळते, रोज चालत राहिलं तर वाट मोडत नाही. टोपी मला कंपनीकडून मिळालेली होती. मी तिच्यात क्रॅमरसाहेबांच्या खोक्यातली गेम भरली. रोज दुपारी दोन वाजता अण्णा त्यात उतरायचे आणि चारला वर यायचे. पहिले सात महिने काहीच नाही. मग एका दुपारी डोळे उघडून त्यांनी ‘गिरणी’ म्हटलं. एप्रिलमध्ये ‘पाणी’. जूनमध्ये उजव्या हाताची करंगळी हलली, आणि आईनं ती अशी धरून ठेवली, जणू सोडली तर पळून जाईल.

सोबतीला दुसरी टोपी घालून पाहुणं म्हणून जाता येतं. मी जायचे.

तिथं दुपार संपत नाही. उजेड पिठासारखा हवेत तरंगत असतो आणि अंगावर घेतला तर झटकावा लागतो. नदी आमच्या इंद्रायणीसारखी, पण स्वच्छ आणि जराशी तिरपी, डोंगराला टेकवून ठेवल्यासारखी. पवनगिरणीची पाती फिरतात, त्यांची सावली पावांवरून जाते आणि सावली गेली की पाव फुगतो. गावकरी गुडघ्याएवढे. कोणाच्या पाठीवर ओंडका, कोणाच्या डोक्यावर पोतं, सगळे कुठून तरी कुठं तरी निघालेले, आणि त्यांच्या पायांचा आवाज चिमण्यांसारखा. जर्मन याला ‘वूझेलन’ म्हणतात. मराठीत लगबग. तोच शब्द, तेवढाच, कमी नाही जास्त नाही. जर्मनमधून मराठीत यायला एक पाऊल पुरतं. पण रकाना इंग्रजीचा होता, आणि इंग्रजीच्या दारातून गेल्याशिवाय आपल्याकडं काही येऊ द्यायचं नाही असा या धंद्याचा नियम आहे. कोणी केला ते विचारू नका. ज्यांना लगबग कधी करावी लागली नाही त्यांनी केला.

गावकऱ्यांचे चेहरे अण्णांनी कारखान्यातून आणले होते. प्रेसशॉपचे बनसोडे, रंगखात्यातले दोघे भाऊ, कँटीनच्या सिंधूबाई. त्यातले निम्मे हयात नाहीत. तिथं मात्र सिंधूबाई भट्टीपाशी उभ्या असायच्या आणि अण्णा उजव्या हातात पाना घेऊन गिरणीच्या पोटात शिरायचे. तिथं ते घडाघडा बोलायचे. मला म्हणायचे, मित्रा, बाजूला हो, उजेड अडवू नकोस.

गिरणीत शिरण्याआधी ते एक गोष्ट न चुकता करायचे. दांडा ओढून पाती थांबवायची, दांड्याला आपलं कुलूप घालायचं आणि त्यावर लाल टॅग अडकवायचा. हा कारखान्याचा रिवाज. मशीनच्या आत जाणाऱ्यानं स्वतःचं कुलूप, स्वतःच्या नावाचा टॅग: आत माणूस आहे, सुरू करू नका, वाय. ओव्हाळ. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. सुपरवायझरनं नाही, मालकानंही नाही. एकदा अण्णा टॅग काढायला विसरून चिखलीला लग्नाला गेले. अख्खी लाइन दोन तास उभी. जर्मनीहून आलेला मोठा साहेब घड्याळ बघत उभा. पण टॅगला कोणी हात लावला नाही. जीप पाठवून अण्णांना मांडवातून आणलं. डोक्यावर फुलांच्या पाकळ्या तशाच, त्यांनी कुलूप उघडलं, साहेबाला नमस्कार केला आणि परत जेवायला गेले. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की त्या पाकळ्यांचा रंगही ठरलेला आहे.

तर या गेमचा जर्मन प्रकार आउफबाउश्पील. उभारणीचा खेळ. गाव उभं करायचं, पाव भाजायचे, रस्ता आखायचा, बघत बसायचं. शत्रू नाही. इंग्रजीत याला जवळचा शब्द होता, ‘सिटी बिल्डर’, पण यादी करणाऱ्यांनी तो गेल्या वर्षी ‘स्ट्रॅटेजी’त विलीन करून टाकला. आणि स्ट्रॅटेजी या बियाण्यात लढाई असते. लाखो गेमची सवय. गाव दिसलं की यंत्राला ते जाळणारा आठवतो.

मी तो शब्द तीन आठवडे टाळला. मग आमचे विभागप्रमुख हृषीकेश सरपोतदार यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. भिंतीवर जर्मन भाषेची पाच प्रमाणपत्रं आहेत आणि आयुष्यात एकही गिरणी नाही, एवढंच. त्यांनी सांगितलं, सोमवारी चारपर्यंत यादी पुरी हवी, आणि आउफबाउ स्ट्रॅटेजीत जाणार हे वरून ठरलंय.

मी म्हटलं, यात शत्रूच नाही.

“ओव्हाळ मॅडम, शत्रू नसेल तर माणूस खेळेल कशाला?”

“पाव भाजायला.”

ते हसले. मग, माझी जर्मनची नेमकी कुठली परीक्षा झालीय, असं त्यांनी मऊ आवाजात विचारलं. मी सांगितलं, एकही नाही, पण तुम्ही ज्याचं नाव बदलताय तिथं मी राहून आलेय. त्यांनी अण्णांबद्दल ऐकलं होतं. म्हणाले, वाईट वाटतं, पण एका पेशंटसाठी नऊ लाख ग्राहकांची यादी अडवता येत नाही. तसंही गुरुवारी चाचणी आहे, काही जगांवर पाव तास स्ट्रॅटेजी लावून बघू, तुम्हीच बघा काही बिघडतं का.

त्या काही जगांत अण्णांचं होतं. योगायोगानं असेल. मला योगायोग फार दिसत नाहीत.

गुरुवारी मी सोबत गेले. उजेड आधी पातळ झाला. मग नदीपलीकडं घोडेस्वार दिसले, लांबून सुंदर, काचेत कोरल्यासारखे. ते पाण्यावरून चालत आले आणि पाणी हललं नाही. रंगखात्यातल्या भावांचं घर पेटलं तेव्हाही आवाज झाला नाही, फक्त पायांच्या चिमण्या थांबल्या. अण्णा रस्त्यात उभे होते. त्यांचा उजवा हात खाली गेला आणि पाना निसटला. पडताना तो बराच वेळ पडत राहिला.

जागे झाल्यावर ते छताकडं बघत होते. करंगळी हलेना. आई पेला धरून विचारत राहिली, काय हवं, काय हवं सांगा. ‘पाणी’ हा शब्द गेला होता. पंधरा मिनिटांत एप्रिल पुसला गेला. सोमवारनंतर हे रोज होणार होतं, आणि टोपी बंद ठेवली तर वाट मोडणार होती.

सोमवारी पावणेचारला मी रकान्यासमोर बसले. आमच्या खोलीची एक पद्धत होती. शब्द कुठंच बसत नसेल तर लेबलच्या रकान्यात आपल्या शब्दांत काय ते मोकळेपणानं लिहायचं, नमुना म्हणून एक जग जोडायचं आणि पाठवून द्यायचं. ते मुंबईला तपासनीस भरुचाबाईंकडं जायचं. त्यांचा शेरा येईपर्यंत तो शब्द अडकून राहायचा आणि त्याखालच्या जगांना कोणी हात लावायचं नाही. एकदा मी लेबलात लिहिलं होतं, हे मला समजलं नाही, जेवून येते. बाईंनी खाली लिहिलं होतं, सावकाश ये, डिकरा. आम्ही सगळे असंच करायचो. रकाना माणूस वाचतो, अशी आमची समजूत होती.

मी इंग्रजीत लिहिलं: मॅन इन्साइड. डू नॉट स्टार्ट. बाईंना कळावं कोण आत आहे, म्हणून नमुन्यात अण्णांचं गाव जोडलं. कुलूप घालून टॅग अडकवल्यासारखं वाटलं. घरी गेले आणि जेवले.

भरुचाबाईंची जागा गेल्याच महिन्यात रद्द झाली होती. रकाना आता थेट यंत्रच वाचत होतं. आम्हा कंत्राटी लोकांना कळवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी यादीत एक्केचाळीसच्या खाली बेचाळिसावा प्रकार होता. माझे पाच शब्द, जसेच्या तसे. मग मला यंत्राचं गणित कळलं. नव्या लेबलामागे लाखो गेमची सवय नसते. त्याचा सगळा इतिहास म्हणजे तो एक नमुना. म्हणजे नऊ लाख माणसांच्या झोपेत यंत्रानं आता अण्णांच्या गावाची सवय पेरली होती. त्यांच्या नद्या त्यांच्या, झाडं त्यांची, पण रीत आमच्या अण्णांची.

सरपोतदारांनी ओरडायला हवं होतं. ते हळू बोलले, ते जास्त लागलं. मी लोकांच्या झोपेत घरची भांडणं घातली, असं म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मी कोणाला विचारलं नव्हतं. तशी विचारायची पद्धत कंपनीतही नव्हती, तेही मी बोलून दाखवलं. मला कामावरून काढलं, टोपी बुधवारी परत न्यायला कोणी येईल असं सांगितलं, आणि दुपारी सव्वादोनपासून त्या सगळ्या जगांना स्ट्रॅटेजीचं लेबल लागेल हेही.

मी रिक्षा करून घरी आले. पावणेदोन झाले होते. अण्णांसमोर बसून सगळं सांगितलं. आज घोडेस्वार येणार, आणि आजचा शेवटचा दिवस, नको जाऊया. त्यांनी डाव्या हातानं टोपी ओढून घेतली. मग माझी माझ्याकडं सरकवली.

गाव अर्धं जळलेलं होतं तसंच होतं. पण चिमण्यांचा आवाज होता. सगळे ओंडके वाहत होते आणि रंगखात्यातले भाऊ आपल्याच घराची नवी चौकट धरून उभे होते, कोणी तरी खिळा मारायची वाट बघत. पिठाचा उजेड माझ्या पापण्यांवर साचत होता. किती वेळ गेला माहीत नाही. तिथं वेळ पावाच्या वासावरून मोजतात. मग तो वास पातळ झाला आणि नदीपलीकडं काच चमकली.

अण्णांनी पळापळ केली नाही. ते गिरणीपाशी गेले, डाव्या हातानं दांडा ओढला, पाती थांबली. कुलूप घातलं. मग टॅग. उजवा हात वर जाईना. त्यांनी त्याच्याकडं नवशिक्या कामगाराकडं बघतात तसं बघितलं आणि थांबले. घोडे पाण्याच्या मध्यावर आले होते. हात अंगावरून, छातीवरून, भिंतीला घासत वर गेला आणि टॅग अडकला. मग अण्णा गिरणीच्या पोटात शिरले.

घोडेस्वार आले. पहिल्यानं हातातली मशाल खाली केली आणि त्या उजेडात टॅग वाचला. ओठ हलवत वाचला, जसं कष्टानं शिकलेली माणसं वाचतात. मागच्यांनी विचारलं असावं, त्यानं मान हलवली. सगळे खाली उतरले.

“किती वेळ लागेल?” त्यानं आत वाकून विचारलं.

“काम होईपर्यंत,” आतून अण्णा म्हणाले.

ते भिंतीला टेकून ओळीनं बसले. कोणी बूट काढले. त्यांच्या मशालींवर सिंधूबाईंनी भट्टी पेटवून घेतली आणि पहिला पाव त्यांच्यातच मोडून वाटला. यंत्र लढाई सुचवत होतं, माझ्या कवटीवर झुळका मला जाणवत होत्या, लहान, चिडलेल्या. पण आधी पेरलेली रीत खाली मुरली होती. त्या रितीत टॅग लावणाराच टॅग काढतो.

चार वाजायच्या आधी उजेड गोळा होऊ लागला, तसे अण्णा बाहेर आले. हात पुसले, स्वारांना ओलांडून माझ्याजवळ आले. मी दांड्याकडं बोट दाखवलं. टॅग राहिला, अण्णा. ते म्हणाले, राहू दे.

बुधवारी अकरा वाजता कंपनीकडून शबनम तांबोळी नावाच्या बाई आल्या. टोपी नीट चालू आहे का ते बघायचं, पेटीत घालायची, सही घ्यायची, एवढं त्यांचं काम. आईनं चहा ठेवला. त्यांनी टोपी तपासली, पेटी उघडली, आणि मग फॉर्मवरचं आमचं आडनाव वाचून त्यांचा हात थांबला. दारावरची पाटी पुन्हा बघून आल्या. म्हणाल्या, मी पण दुपारच्या सुट्टीत अर्धा तास असलंच एक गाव खेळते. माझ्याकडं गिरणी नाही, तेलाचा घाणा आहे, आमच्या आजोबांचा होता तसा. काल घोडेवाले आले आणि घाण्याशेजारी बसून राहिले. जुवाला लाल टॅग होता. ऑफिसात सगळीकडं हेच चाललंय, लेबल तीनदा बदललं, टॅग कोणाला काढता येईना. मग जरा लाजून त्यांनी विचारलं, “हे वाय. ओव्हाळ कोण?”

अण्णा खिडकीशी खुर्चीत होते. त्यांनी उजव्या हाताकडं बघितलं. करंगळी हलली, मग मनगट. हात मांडीवरून सुटला, छातीवरून घासत वर आला आणि खांद्याएवढा होऊन तिथं थरथरत राहिला. हजेरी देतात तसा.

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. “तुम्ही लावलाय? मग काढणार कधी?”

अण्णांना जुळवायला वेळ लागला. आई चहाचं गाळणं हातात धरून उभी होती, खाली थेंब पडत होते.

“काम,” अण्णा म्हणाले. मग, “काम चालूय.”

तांबोळीबाईंनी पेटी मिटली. टोपी परत खुंटीला अडकवली, चहा बशीत ओतून सावकाश प्यायल्या आणि मग फॉर्म भरला. परत का आणता आली नाही, या रकान्यात काय लिहिलं ते त्यांनी मला वाचायला दिलं. आत माणूस आहे, एवढंच होतं.

मी खाली सही केली.